वेग-काल आलेख भाषेच्या तासाला शिकवा

नववीच्या विज्ञानातला वेग-काल आलेख मराठीच्या आणि उर्दूच्या तासालाही शिकवला पाहिजे, असं माझं मत आहे. स्टाफरूममध्ये हे बोलले तेव्हा ते हसण्यावारी गेलं. भाषेच्या बाईंनी आपले धडे, कविता आणि व्याकरण सांभाळावं, फिजिक्समध्ये कशाला शिरावं, असा एकूण सूर होता. बी.एड.ला माझे विषय उर्दू आणि मराठी होते, तेव्हा तो सूर चुकीचा आहे असंही म्हणता येत नाही. पण बदली तासांना नववीच्या वर्गावर बसता बसता मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत आली आहे. आलेखात अडकणारी बहुतेक मुलं गणितात अडकलेली नसतात. ती वाचनात अडकलेली असतात. आणि वाचनात अडकलेलं मूल ही माझी जबाबदारी आहे, विषय कुठलाही असो.

आमची मुलं कशी बोलतात-लिहितात हे आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. शाळा नागपुरातली, माध्यम उर्दू. घरी बोलणं नागपुरी हिंदी, वहीत उर्दू, माझ्या तासाला मराठी, आणि सेमी-इंग्रजीच्या तुकडीत विज्ञान-गणित इंग्रजीतून. मोमिनपुऱ्यातलं पोर दिवसभरात चार भाषांतून ये-जा करतं आणि त्याचं कुणाला कौतुकही नसतं. अकरावीला सायन्स घेतलं की सगळंच इंग्रजी. तेव्हा ज्या वाक्याला माध्यमच नाही, असं एखादं वाक्य या मुलांना वाचता आलं तर ते किती उपयोगाचं! आलेख हे तसं वाक्य आहे. उर्दू पुस्तकात, मराठी पुस्तकात आणि इंग्रजी पुस्तकात ती रेष एकसारखीच दिसते.

बालभारतीच्या नववीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान'चा पहिलाच धडा 'गतीचे नियम'. त्यात अमर, अकबर आणि अँथनी आपापल्या गाड्या घेऊन निघतात. कोणत्या वेळी कोण किती अंतर गेला याचा तक्ता दिलेला असतो, त्यावरून अंतर-काल आलेख काढायचा असतो. पुस्तक करणाऱ्यांत कुणीतरी मनमोहन देसाईंचा चाहता असणार. सिनेमा १९७७ चा, माझ्या वर्गातल्या मुलांच्या आईवडिलांपैकी कितीतरी तेव्हा जन्मलेही नव्हते, पण नावं सगळ्यांना ठाऊक. मी एका बदली तासाला त्यातल्या दोघांना उचललं आणि फळ्यावर वेगळा आलेख काढला. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर वेग. अकबर सरळ रस्त्यावर सेकंदाला १० मीटर या एकाच वेगानं चालला आहे, म्हणून त्याची रेष आडवी. तो चौक ओलांडतो त्याच क्षणी चौकात उभा असलेला अँथनी गाडी सुरू करतो आणि दर सेकंदाला त्याचा वेग सेकंदाला १ मीटरनं वाढतो. त्याची रेष शून्यातून निघून तिरपी वर जाते. दहाव्या सेकंदाला दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात.

विचारलं, दहाव्या सेकंदाला काय झालं?

"अँथनीने अकबर को पकड़ लिया!" जवळजवळ सगळा वर्ग एका आवाजात. मागच्या बाकावरचे दोघे त्याहून पुढे गेले, त्यांनी टक्करच घडवून आणली.

समीकरण कुणालाच सांगितलं नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. मोजायला लावलं. अकबर दहा सेकंद सेकंदाला १० मीटरनं गेला, म्हणजे १०० मीटर. अँथनी शून्यापासून दहापर्यंत एकसारखा वाढत गेला, म्हणजे सरासरी पाच. दहा सेकंदांत ५० मीटर. ज्या क्षणी रेषा भेटल्या त्या क्षणी अँथनी अजून ५० मीटर मागे होता! वर्गात शांतता. मग खालच्या आवाजात कुजबुज, मग वाद. मुलांना हिशेब मान्य होता, पण डोळ्यांना तो पटत नव्हता, कारण फळ्यावर तर दोघे भेटलेले दिसत होते. शेवटी खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, रफ़्तार बराबर हुई है, जगह नहीं।"

त्या धड्याचा मोठा भाग या एका वाक्यात आहे. रफ्तार सारखी झाली, जागा नाही. गाठ पडायला आणखी दहा सेकंद लागतात. विसाव्या सेकंदाला दोघेही चौकापासून २०० मीटरवर असतात, आणि तेव्हा अँथनीचा वेग अकबराच्या दुप्पट असतो. वेग-काल आलेखात त्या क्षणी रेषा एकमेकींपासून लांब गेलेल्या दिसतात. गाड्या एकत्र, रेषा दूर. मग शेजारी त्याच दोघांचा अंतर-काल आलेख काढला. तिथे मात्र रेषा जिथे छेदतात तिथेच गाठ.

नागपूरकरांना हा दुसरा आलेख परका नसावा. आपल्याकडे मध्य रेल्वेचा आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा, असे दोन नागपूर विभाग आहेत. रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात सेक्शन कंट्रोलर गाड्यांचा तक्ता वर्षानुवर्षं याच पद्धतीनं हातानं काढत आले. एका अक्षावर वेळ, दुसऱ्यावर स्टेशनं, प्रत्येक गाडीची एक तिरपी रेष. आता हे काम संगणकावर होतं, पण रेषा त्याच. एकेरी मार्गावर दोन समोरासमोरच्या गाड्यांच्या रेषा छेदणार असतील तर तो छेद स्टेशनातच पडला पाहिजे, कारण एक गाडी बाजूला घ्यायला जागा तिथेच असते. तिथे आलेख चुकीचा वाचणाऱ्याला कमी गुण मिळून भागत नाही.

आता 'आपल्या पोरांना जमत नाही' हे वाक्य. ते मी इतक्यांदा ऐकलं आहे, आणि इतक्या सहजपणे, की त्याबद्दल बोललंच पाहिजे. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लिलियन मॅक्डरमॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये याच विषयावर शोधनिबंध लिहिला. त्यांची मुलं कॉलेजातली होती, उर्दू माध्यमाची नव्हती, आणि ती हेच करत होती. रेषेची उंची कुठे बघायची आणि तिचा चढ कुठे बघायचा यात घोटाळा, आणि आलेखाला रस्त्याचं चित्र समजणं. १९९४ मध्ये रॉबर्ट बाइकनर यांनी गतीच्या आलेखांवर एक चाचणीच तयार केली, त्यातही हेच घोटाळे पुन्हा दिसले. तेव्हा हा दोष ना मोमिनपुऱ्याचा, ना माध्यमाचा. चित्र दिसलं की डोळा त्याला चित्र म्हणूनच बघतो. वाचायला शिकवावं लागतं.

चित्राच्या या मोहाला आपली परिभाषाही हातभार लावते. गणिताच्या मराठी पुस्तकात रेषेच्या तिरपेपणाला 'चढ' म्हणतात. शब्द सुटसुटीत आहे, पण तो ऐकला की पोराच्या डोळ्यासमोर सेमिनरी हिल्सचा रस्ता येतो. वेगाची रेष वर गेली की गाडी टेकडी चढते आहे, खाली आली की उतरते आहे. आणि टेकडी चढणारी गाडी हळू होते हे त्यानं बापाच्या ऑटोत बसून अनुभवलेलं असतं. म्हणजे आलेखात वेग वाढत असताना तो मनात गाडी हळू करतो! पुढे 'ऋण चढ' आला की बिचारा आणखी गोंधळतो, उतारालाही चढच म्हणायचं म्हणून. शब्द बदला असं मी म्हणत नाही. पण शब्दाला दोन अर्थ आहेत आणि इथे कोणता लागू आहे, हे सांगणं भाषेच्या शिक्षकाला जितक्या सहज जमतं तितकं इतरांना जमेलच असं नाही. आम्ही श्लेष अलंकार शिकवतो तो काय फक्त परीक्षेपुरता?

शब्दांच्या गमती एवढ्यावर संपत नाहीत. उर्दूच्या पुस्तकात गतीला 'हरकत' म्हणतात. मराठीत हरकत म्हणजे आक्षेप, आणि गाण्याच्या बैठकीत तिसरंच काही. माझ्या एका विद्यार्थ्यानं मराठीच्या वहीत लिहिलं होतं, 'गाडीला हरकत आहे.' त्याला म्हणायचं होतं, गाडी चालू आहे. उलट 'चाल' हा शब्द मात्र दोन्ही पुस्तकांत एकाच अर्थानं नांदतो. दिशा न बघता नुसतं किती जोरात, ती चाल. दिशेसकट झाला की मराठीत वेग, उर्दूत रफ्तार. त्वरणाला उर्दूत 'इसराअ' म्हणतात. हा शब्द वरवर अवघड वाटतो, पण 'सुरअत' या ओळखीच्या शब्दाच्या कुळातला आहे हे सांगितलं की मुलांच्या चेहऱ्यावरची भीती जाते. रोजच्या बोलण्यात आपण चाल, वेग, रफ्तार, स्पीड सगळं एकच मानतो आणि त्यानं काही बिघडत नाही. आलेखात बिघडतं. मोमिनपुऱ्यातून सीताबर्डीला जाऊन परत घरी आलात तर चाल-काल आलेखाखालचं क्षेत्रफळ जाण्यायेण्याचं सगळं अंतर सांगेल. सोयीसाठी रस्ता सरळ मानू. मग वेग-काल आलेखात परतीची रेष अक्षाच्या खाली जाईल, वरचं क्षेत्रफळ खालच्यातून वजा होईल आणि उत्तर येईल शून्य. पेट्रोल जळलं, विस्थापन शून्य. मुलांना हे फार आवडतं.

पण मला ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला ती गोष्ट वेगळीच आहे. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते. आलेखातला काळ डावीकडून उजवीकडे.

आठवीतून नुकताच आलेला एक मुलगा शून्यातून वर चढत जाणारी वेगाची रेष बघून शांतपणे म्हणाला, "गाड़ी रुकने वाली है।" वर्ग हसला. मी त्याला बोट ठेवून दाखव म्हटलं. त्यानं बोट ठेवलं उजव्या टोकावर, जिथे रेष सर्वांत उंच होती, आणि ते डावीकडे सरकवत शून्यापर्यंत आणलं. त्याच्या वाचनाप्रमाणे गाडी जोरात होती, हळूहळू मंदावली आणि थांबली. त्याच्या लिपीच्या हिशेबानं वाचन अचूक होतं. त्यानं फक्त ओळ जिथून सुरू होते असं आयुष्यभर शिकवलं गेलं होतं, तिथून ती सुरू केली होती.

हा माझा कल्पनाविलास नाही. १९९१ मध्ये बार्बरा ट्वर्स्की, सोल कुगेलमास आणि अटालिया विंटर यांनी इंग्रजी, हिब्रू आणि अरबी बोलणाऱ्या मुलांना सोप्या गोष्टी कागदावर मांडायला सांगितल्या. आधी काय, नंतर काय. इंग्रजी मुलांनी काळ डावीकडून उजवीकडे मांडला, अरबी मुलांचा कल उजवीकडून डावीकडे होता, हिब्रू मुलं मधे कुठेतरी. काळ कुठल्या बाजूला वाहतो हे लिपी शिकवते. आमच्या मुलांचं तर आणखी निराळं. उर्दूच्याच ओळीत आकडा आला की तो डावीकडून उजवीकडे वाचायचा, गणितही तसंच, आणि मग पुन्हा मागे फिरून शब्दांबरोबर चालायचं. मराठी आणि इंग्रजी डावीकडून. बहुतेक मुलं हे वळण आपोआप घेतात. काही घेत नाहीत, आणि ती मुलं 'ढ' म्हणून मागे बसवली जातात. विज्ञानाच्या शिक्षकाला हे दिसणं कठीण आहे, कारण मूल उत्तर उलटं देतं एवढंच त्याला कळतं. उर्दूतून देवनागरीकडे मुलांना आणणाऱ्या शिक्षकाला मात्र हे बोट रोज दिसतं. पाचवीत पहिल्यांदा मराठी वाक्य लिहिताना वहीच्या उजव्या कडेला पेन्सिल टेकवणारं पोर आम्ही कितीदा पाहिलंय.

उपाय अगदी साधा आहे. आलेख दिसला की बोट शून्यावर. काळाच्या अक्षाखाली बाण. मग बोट बाणाच्या दिशेनं सरकवत मोठ्यानं वाचायचं: आता गाडी उभी आहे, आता वेग घेते आहे, आता वेग तोच आहे, आता ब्रेक लागला. आडवी रेष आली की थांबायचं नाही, कारण गाडी थांबलेली नाही. वेग-काल आलेखात थांबलेली गाडी म्हणजे अक्षावरच चिकटलेली रेष. हे वाचन आधी घरच्या बोलीत, मग उर्दूत, मग मराठीत. सूत्र त्यानंतर, आणि ते विज्ञानाच्या सरांनी सांगावं, मी नाही.

क्षेत्रफळाचं थोडं सांगते, कारण तिथे मुलांनी विचारलेला प्रश्न पुस्तकापेक्षा सरस होता. आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे कापलेलं अंतर, असं पुस्तक सांगतं. एकानं विचारलं, क्षेत्रफळ तर चौरस मीटरमध्ये असतं, मग हे नुसतं मीटर कसं? फार चांगला प्रश्न. आलेखाच्या कागदावर एक चौकट घ्या. ती एक सेकंद रुंद आहे, आणि सेकंदाला १ मीटर इतकी उंच. रुंदीत मीटर नाहीच, तिथे वेळ आहे. सेकंदाला १ मीटर, असं एक सेकंद गेलं तर किती? एक मीटर. म्हणजे ती चौकट दिसते कागदाच्या तुकड्यासारखी, पण असते एक मीटर रस्ता. चौकटी मोजा, रस्ता मोजला गेला.

ही युक्ती किती जुनी आहे हे २०१६ मध्ये जगाला कळलं. बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठातले माथियू ओसेनड्रायव्हर यांनी ब्रिटिश म्युझियममधल्या बाबिलोनच्या मातीच्या पाट्या वाचल्या. आजच्या इराकमधल्या या पाट्या इसवी सनापूर्वी साधारण ३५० ते ५० या काळातल्या. गुरू ग्रह दिसू लागल्यापासून ६० दिवसांत त्याचा रोजचा वेग १२ कलांवरून साडेनऊ कलांवर येतो, तर तो एकूण किती सरकला? बाबिलोनच्या ज्योतिष्यांनी दोन्ही वेगांची बेरीज करून निम्मी केली आणि साठांनी गुणली: ६४५ कला, म्हणजे १० अंश ४५ कला. हे समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ आहे. त्यांनी आलेख काढला नव्हता, पण डोक्यात तीच आकृती होती. युरोपात हा विचार ऑक्सफर्ड आणि पॅरिसमध्ये चौदाव्या शतकात आला. आपल्याकडे असं काही वाचलं की लगेच छाती फुगवायची किंवा वाद घालायचा, दोन्हींची सवय आहे. मला यातलं एवढंच आवडतं की वेग आणि वेळ यांचं क्षेत्रफळ ही कल्पना मातीच्या पाटीवरही मावते. महागडी प्रयोगशाळा नाही हे कारण सांगायला जागा राहत नाही.

आमच्या गावात तर समलंब चौकोन दिवसभर धावत असतो. नागपूरची मेट्रो मार्च २०१९ मध्ये सुरू झाली, आणि आता दोसर वैश्य चौक, अग्रसेन चौक ही स्टेशनं आमच्या मुलांच्या पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. एका स्टेशनातून निघालेली मेट्रो वेग घेते, काही वेळ तो टिकवते, पुढच्या स्टेशनाआधी कमी करते. वेगाची रेष वर, आडवी, खाली. समजा ती २० सेकंदांत सेकंदाला १५ मीटर वेगाला पोचली, ४० सेकंद तशीच गेली आणि पुढच्या २० सेकंदांत थांबली. खालची बाजू ८०, वरची ४०, उंची १५. अंतर ९०० मीटर. फोनमधल्या वेग दाखवणाऱ्या ॲपवर दर पाच सेकंदांनी आकडा लिहून घ्यायचा, वर्गात येऊन आलेख काढायचा. पुस्तकातल्या रेषा काटकोनात वागतात, खऱ्या मेट्रोची रेष कोपऱ्यात गोलाई घेते, मधेच थरथरते. त्या गोलाईबद्दल मुलं जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरं देणं माझ्या आवाक्याबाहेर जातं आणि मी त्यांना सायन्सच्या सरांकडे पाठवते. तसंच व्हायला हवं.

परीक्षेचं काय, असं विचारणारे असतातच. गतीविषयक तीन समीकरणं आलेखाच्या साहाय्यानं सिद्ध करायची असतात. मुलं ती सिद्धता पाठ करतात, आकृतीच्या कोपऱ्यांवरच्या अक्षरांसकट. पूर्ण गुण मिळवणाऱ्या मुलीला विचारा, बाळ, या आकृतीतली गाडी सुरुवातीला उभी होती की चालू? ती गप्प. रेष शून्यापासून निघत नाही, वरून निघते, म्हणजे गाडी आधीच चालू आहे, हे तिनं कधी वाचलेलंच नसतं. अक्षरांच्या जागा मात्र बरोबर. हीच मुलगी अकरावीत गेली की भाषा बदलते, अक्षरंही बदलतात, आणि पाठांतर कोसळतं. मग आपण म्हणतो, इंग्रजी कच्चं म्हणून सायन्स सोडलं. मला त्या निदानाबद्दल शंका आहे.

सहकाऱ्यांचे दोन आक्षेप खरे आहेत. भाषेच्या तासाला आधीच वेळ पुरत नाही, आणि विज्ञान न शिकलेला शिक्षक काही चुकीचं सांगून बसेल. दुसऱ्याचं उत्तर असं की आम्ही नियम शिकवणारच नाही, फक्त वाचून घेऊ, आणि आलेख सायन्सच्या सरांनीच काढून द्यावा. पहिल्याचं उत्तर मंडळाकडे आहे. दहावीच्या इंग्रजीच्या परीक्षेत आकृती किंवा तक्ता बघून परिच्छेद लिहायचा प्रश्न असतो. इंग्रजीला जे चालतं ते मराठीला आणि उर्दूला का नको? कथालेखन आहे, बातमी आहे, जाहिरात आहे. 'या आलेखातल्या गाडीची गोष्ट दहा ओळींत लिहा' हा प्रश्न त्यांच्या शेजारी बसायला काय हरकत आहे? इथे मराठी अर्थानं.

आणि हे केवळ गुणांपुरतं नाही. आमच्या गल्ल्यांत नववी-दहावीची मुलं स्कूटर, बाइक चालवतात. सोळाव्या वर्षी फक्त बिनगिअरची, ५० सीसीपर्यंतची गाडी आणि त्याच्या वर अठरा पूर्ण, हा कायदा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गुन्हा केला तर पालकाला २५,००० रुपये दंड. दोन्ही सगळ्यांना माहीत, आणि तरी संध्याकाळी सेंट्रल अॅव्हेन्यूवर उभं राहून बघा. मी त्यांना रागावत नाही, कान बंद असतात. आलेख काढायला लावते.

आडव्या अक्षावर सेकंद. उभ्या अक्षावर वेग, एक चौकट ५ मीटर प्रतिसेकंद उंच. म्हणजे प्रत्येक चौकट ५ मीटर रस्ता. समोर अचानक मूल आलं. ते दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातं असं धरू, तेवढा वेळ रेष आडवी. मग ब्रेक, दर सेकंदाला वेग ५ नं कमी. ताशी ३६ किलोमीटरनं जाणाऱ्याची रेष १० वर आहे: आडव्या भागाखाली दोन चौकटी, त्रिकोणाखाली आणखी दोन. चार चौकटी, २० मीटर. ताशी ७२ नं जाणाऱ्याची रेष २० वर: आडव्या भागाखाली चार, आणि त्रिकोणाचा पायाही दुप्पट, उंचीही दुप्पट, म्हणून आठ. बारा चौकटी. ६० मीटर. वेग दुप्पट झाला तर त्रिकोण चौपट होतो, हे मुलं स्वतः मोजून शोधतात, आणि पुस्तकातलं तिसरं समीकरण न शिकवता त्यांच्या हाती लागतं. वर्गातल्या मुलांना ६० मीटर म्हणजे किती ते सांगावं लागत नाही. मोमिनपुऱ्यातल्या कितीतरी गल्ल्या तेवढ्या लांब नाहीत.

त्या दिवशी घरचा अभ्यास म्हणून दोन्ही आलेख आणि त्यांच्याखाली मराठीत सहा ओळी लिहायला दिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी एका मुलीच्या वहीत आलेखावर निळ्या पेनानं खुणा होत्या, अक्षर तिचं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, भाईजानचं आहे. रात्री त्यानं वही ओढून घेतली आणि विचारलं, "ये साठ मीटर किधर से आया?" तिनं त्याला चौकटी मोजून दाखवल्या. त्यानं पुन्हा स्वतः मोजल्या, प्रत्येकीवर टिंब देत. बारा टिंबं होती, अर्ध्या चौकटी दोन दोन जोडून धरलेल्या.